जुनी जीप, नवा टायर आणि मुळशीचा पाऊस

पुण्याहून पौडाकडे जाणारा रस्ता भूगांव आणि भुकूम मागें टाकतो, एक लहानसा घाट ओलांडतो आणि पिरंगुटास पोंचतो. अंतर फार नाहीं. शहराच्या मध्यापासून वीस किलोमीटरांच्या आंतबाहेर. परंतु पर्जन्याच्या दृष्टीनें पाहिलें तर हें गांव दोन निराळ्या मुलुखांच्या उंबरठ्यावर बसलें आहे. पाठीमागें पुणें, जेथें वर्षभरांत सरासरीनें सातशें-साडेसातशें मिलिमीटर पाऊस होतो. आणि पुढें मुळशी व ताम्हिणी, जेथें २०२४ च्या जुलैंत अवघ्या चोवीस तासांत पांचशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला गेला. पुण्याच्या वर्षभराच्या पावसाचा दोनतृतीयांश वांटा एका दिवसरात्रींत! पुण्याहून निघालेली मोटार पिरंगुटापर्यंत येते तेव्हां तिच्या टायरांस बहुधा नुसत्या ओलसर डांबराची ओळख असते. तेथून पुढें तासाभरांत त्याच टायरांनीं वाहत्या पाण्यावर, शेवाळलेल्या वळणांवर आणि खाचरांतून रस्त्यावर उतरलेल्या तांबड्या चिखलावर पकड ठेवावी, अशी अपेक्षा असते.

पावसाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं या वाटेवर जुनी महिंद्रा जीप किंवा मारुतीची जिप्सी दिसली नाहीं, असें सहसा घडत नाहीं. या गाड्यांच्या चारही चाकांस यंत्राची ओढ मिळते. बाजारांत त्यांस ‘फोर बाय फोर’ म्हणतात. अशा गाडीचा धनी टायरवाल्याच्या दुकानीं गेला म्हणजे प्रथम एकच प्रश्न विचारतो : बारा महिने चालेल असा टायर कोणता? प्रश्न साधा दिसतो. परंतु जुन्या जीपच्या चाकांवर जो टायर पूर्वापार चढत आला आहे तो कोणा गृहस्थानें आपल्या सोयीसाठीं निवडलेला नसून एका सैन्यानें आपल्या सोयीसाठीं निवडलेला आहे. आणि सैन्याची सोय व घाट उतरणाऱ्या कुटुंबाची सोय या दोन गोष्टी एक नव्हत. ती निवड कशी झाली, हें जाणल्यावांचून दुकानांतली निवड नीट होत नाहीं.

बैलगाडीच्या काळीं हा प्रश्नच नव्हता. गाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धाव असे. लोहार ती गोवऱ्यांच्या जाळांत लाल करी, चाकावर बसवी आणि वरून पाणी ओतून आंवळून घेई. ही धाव उन्हाळ्यांत निराळी आणि पावसाळ्यांत निराळी नसे, याचें कारण पावसाळ्यांत गाडीच बहुतेक घरीं राही. मावळांतला आंबेमोहोर पुण्याच्या पेठेंत यायचा तो वाटा वाळल्यावर. चार महिने पाणंदींत चिखल आहे, तर चार महिने गाडी सोडलेली आहे; यांत कोणास अपमान वाटत नसे. बारमाही टायरची मागणी म्हणजे वस्तुतः पावसानें माणसास थांबवूं नये ही मागणी होय, आणि ती फार अलीकडची आहे.

रबराचा इतिहास येथें ओझरता पुरे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं हवेनें भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें, पण तें विसरलें गेलें. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें मुलाच्या तिचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना पुन्हां शोधून काढली आणि ती टिकली. आरंभींचे टायर काळे नसत, पांढुरके असत. त्यांत काजळी मिसळली तर रबर कितीतरी पट झिजेस टिकतें, हें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत व्यवहारांत आलें आणि तेव्हांपासून मोटारीचीं चाकें काळीं झालीं. आपल्याकडे जादा चाकास अजून ‘स्टेपनी’ म्हणतात, तो शब्द वेल्समधील लानेल्ली गांवच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथल्या डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास असें सुटें चाक विकावयास काढलें होतें. इंग्रज हा शब्द केव्हांच विसरला, मराठी गॅरेजवाल्यानें मात्र तो जतन केला.

पौडाच्या याच रस्त्यानें १९२१ सालीं महाराष्ट्राचें लक्ष मुळशीकडे वळलें. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवावा, तें पाणी भिऱ्यास कोंकणांत खालीं सोडावें आणि त्यापासून मुंबईस वीज न्यावी, अशी टाटा कंपनीची योजना होती. आणि ज्यांचीं भातशेतें त्या पाण्याखालीं जाणार होतीं ते मावळे सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालीं १६ एप्रिल १९२१ रोजीं सत्याग्रहास बसले. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालें. त्याची कथा स्वतंत्र आणि मोठी आहे. येथें एवढेंच लक्षांत घ्यावयाचें कीं ज्या पावसाच्या राशीवर नजर ठेवून अभियंते या खोऱ्यांत आले, तीच रास आज या रस्त्यावरील प्रत्येक टायरची परीक्षा घेते.

आतां जीपकडे वळूं. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें हलक्या, चारही चाकांनीं ओढणाऱ्या टेहळणीच्या गाडीची मागणी काढली. बँटम नांवाच्या लहानशा कंपनीनें पहिला नमुना त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सादर केला. पुढें विल्यस आणि फोर्ड या कंपन्यांनीं १९४१ ते १९४५ या काळांत मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. या गाडीच्या चाकाचें माप होतें ६.००-१६, म्हणजे टायरची रुंदी सहा इंच आणि लोखंडी चाकाचा व्यास सोळा इंच. त्यावर जी नक्षी होती तिला ‘दिशाहीन सैनिकी नक्षी’ असें म्हणतां येईल. मधोमध एक पट्टा, दोन्ही बाजूंस जाड रबराचे चौकोनी ठोकळे आणि त्यांच्यामध्यें रुंद मोकळ्या खांचा. ट्रॅक्टरच्या मागल्या चाकावरील नक्षी बाणासारखी एका दिशेस रोखलेली असते; ती पुढें चांगली ओढते, मागें तेवढी ओढत नाहीं. जीपची नक्षी दोन्ही दिशांस सारखी. चिखलांत रुतलेली गाडी पुढें निघो कीं मागें, पकड तीच. शिवाय मातींत उमटलेल्या चाकोरीवरून गाडी कोणत्या बाजूस गेली हें शत्रूस कळत नसे, असाही लाभ सांगितला जातो.

यांत डांबरी रस्त्याचा, ओल्या डांबराचा किंवा उतारावर अचानक थांबण्याचा विचार कोठें होता? फारसा नव्हता, आणि तो नसणें युद्धांत गैर नव्हतें. सैन्याचा प्रश्न होता तो गाडी पुढें जाते कीं नाहीं हा. ती थांबते कशी, हा प्रश्न दुय्यम होता.

त्यांतच रबराचा दुष्काळ पडला. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडलें. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं गेले आणि अमेरिकेस मिळणाऱ्या नैसर्गिक रबरापैकीं सुमारें नव्वद टक्के रबर बंद झालें. टायर वांचावेत म्हणून त्या देशानें खासगी मोटारींस ताशीं पस्तीस मैलांची मर्यादा घातली. हिंदुस्थानांतही टायरांवर नियंत्रण आलें. ज्या पिढीनें हें पाहिलें तिला टायर ही टिकवून, शिवून, तळ पुन्हां चढवून वापरावयाची वस्तु वाटूं लागली; आणि जो जाड, कठीण व दीर्घायुषी तोच उत्तम टायर, हा ग्रह आपल्याकडे दृढ झाला तो याच काळांत, असें मानावयास जागा आहे. अजूनही जुन्या गाडीचे हौशी मालक टायरवर नख दाबून पाहतात आणि नख रुतलें नाहीं कीं संतुष्ट होतात. पावसाळी घाटाच्या दृष्टीनें ही परीक्षा नेमकी उलटी आहे!

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या जीपगाड्या हिंदुस्थानांत विक्रीस निघाल्या. १९४५ सालीं जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम महंमद यांनीं जी कंपनी स्थापिली तिचें पहिलें नांव महिंद्र आणि महंमद असें होतें. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्र आणि महिंद्र झालें. त्याच दशकाच्या अखेरीस माझगांवास विल्यस जीपचे सुटे भाग आणून जोडण्यास प्रारंभ झाला. पुढें भाग येथेंच बनूं लागले, यंत्रें बदललीं, १९८५ च्या सुमारास डिझेलवर चालणारी एम्. एम्. ५४० आली, पण सोळा इंची अरुंद चाक आणि त्यावरील ठोकळ्यांची नक्षी हा वारसा दीर्घकाळ पुढें चालला. जंगलखातें, पाटबंधारे, पोलीस, तहसील कचेरी, सर्वत्र जीपची ओळख त्याच नक्षीवरून पटे. जीप म्हटली कीं तिच्या चाकास असले दांत हवेतच, असें डोळ्यांस वळण पडलें. आज एखादा मालक ‘जीपला शोभतील असे’ टायर मागतो तेव्हां तो नकळत १९४१ सालच्या सैनिकी कोठाराकडे बोट दाखवीत असतो.

त्या नक्षीचा ओल्या डांबरावर काय दोष? चाक जमिनीस टेकतें तें फार थोड्या जागेंत. एका टायरचा टेकाव साधारण तळहाताएवढा धरावा. त्यांतली निम्मी जागा जर रिकाम्या खांचांनीं व्यापली, तर रस्त्यास धरणारें रबर तेवढें कमी झालें. ठोकळे मोठे आणि अखंड, त्यांवर बारीक चिरा नाहींत, त्यामुळें ठोकळ्याखालचें पाण्याचें पापुद्र्याएवढें पटल पुसून निघत नाहीं. रबर टिकाऊपणासाठीं कठीण केलेलें. शिवाय टायरची बांधणीच निराळी. जुन्या पद्धतींत दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके रचलेले असतात. गाडी वळली कीं बाजूची भिंत आणि तळ दोन्ही एकत्र पिळवटतात आणि टेकाव आणखी लहान होतो. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं ज्या रचनेचें पेटंट घेतलें तींत दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि तळाखालीं पोलादी तारांचा पट्टा असतो. यामुळें भिंत लवली तरी तळ रस्त्यावर सपाट राहतो. हाच रेडियल टायर. भारतांत जे. के. टायरनें तो १९७७ सालीं आणला; परंतु आपल्या खडबडीत रस्त्यांवर तो सार्वत्रिक होण्यास पुढें बरींच वर्षें गेलीं. तोंवर साहागंजचा डनलॉप, मुंबईचे फायरस्टोन व सीएट यांचे तिरक्या थरांचे टायर देशभर धांवत होते.

योगायोग असा कीं त्याच १९७७ सालीं अमेरिकेंत गुडइयर कंपनीनें ‘तिएम्पो’ नांवाचा टायर काढला आणि ‘सर्वऋतु’ हें विशेषण बाजारांत रूढ केलें. तिएम्पो या स्पॅनिश शब्दाचे काळ आणि हवामान असे दोन्ही अर्थ होतात. मराठींतही ‘पाऊसकाळ’ म्हणतांना आपण हेंच करतों. परंतु त्या टायरचे ऋतु अमेरिकेचे होते. तेथें थंडींत बर्फाचे टायर चढवावयाचे आणि वसंतांत उतरवावयाचे ही दरसालची दगदग होती. ती चुकावी म्हणून हा मध्यम मार्ग. टायरच्या भिंतीवर जीं ‘एम्. आणि एस्.’ हीं अक्षरें दिसतात त्यांचा अर्थ चिखल आणि हिम असा आहे; परंतु तीं नक्षीच्या घडणीवरून छापलीं जातात, त्यासाठीं बर्फावर कसोटी द्यावी लागत नाहीं. ज्यास ती कसोटी द्यावी लागते तें पर्वत व हिमकणाचें चिन्ह १९९९ सालीं स्वतंत्र निघालें. मुळशीच्या गृहस्थास या दोन्ही खुणांशीं कर्तव्य नाहीं. उन्हाळी रबर सात अंशांखालीं कडक होऊं लागतें म्हणून युरोपांत लोक टायर बदलतात. पिरंगुटास दुपारच्या वेळीं पारा सात अंशांवर आला तर ती वर्तमानपत्रांत छापण्याजोगी वार्ता होईल.

तेव्हां येथले ऋतु कोणते? एक वैशाख, ज्यांत दुपारीं डांबर साठ अंशांपर्यंत तापतें. दुसरा आषाढ-श्रावण, ज्यांत ताम्हिणीच्या वळणांवर ओहोळ रस्ता ओलांडून वाहतात. हिंवाळा टायरच्या दृष्टीनें विश्रांतीचा. म्हणून आपला सर्वऋतु टायर म्हणजे ऊन सोसणारा आणि पाणी कापणारा. यांपैकीं पहिला गुण बहुतेक साऱ्या देशी टायरांत असतो. दुसऱ्याच्या बाबतींत निवड करावी लागते.

पाणी कापणें म्हणजे काय, याचा उलगडा विमानांच्या चाकांवरून झाला. ओल्या धांवपट्टीवर विमानें घसरत, त्याचा अभ्यास अमेरिकेच्या नासा संस्थेंत हॉर्न आणि ड्रेहर यांनीं केला आणि १९६३ सालीं एक साधा नियम मांडला. चाकापुढें सांचलेल्या पाण्याचा दाब टायरमधील हवेच्या दाबाच्या बरोबरीस आला कीं टायर जमिनीवरून उचलला जातो आणि पाण्यावर तरंगूं लागतो. टायरमध्यें बत्तीस पौंड हवा असेल तर या हिशेबानें ती गति ताशीं सुमारें ९४ किलोमीटर येते. वीस पौंड असेल तर सुमारें ७५. हा हिशेब गुळगुळीत किंवा नक्षी बुडालेल्या टायरचा आहे, आणि मोटारीच्या रुंद टायरच्या बाबतींत तरंगणें याहून आधींही घडूं शकतें; चांगल्या खोल खांचा पाण्यास वाट देतात तेवढा बचाव होतो. जुन्या जीपच्या धन्यास यांतला धडा विशेष लागू आहे. चिखलांत शिरतांना हवा कमी केली तर टेकाव वाढतो आणि गाडी निघते. ही युक्ति खरी आहे. परंतु तीच गाडी वीस पौंडांवर तशीच पिरंगुट-पौडाच्या सरळ रस्त्यास लागली आणि चालकानें गति घेतली, तर चिखलांतला तारणहार डांबरावर उलटतो. घाटाच्या वळणांत एवढी गति कोणी घेत नाहीं हें खरें. तेथें धोका तरंगण्याचा नसून घसरण्याचा असतो.

येथें चौचाकी ओढीविषयींचा एक मोठा भ्रम येतो. चारही चाकांस ओढ आहे म्हणून गाडी सुरक्षित, असें पुष्कळांस वाटतें. ओढ गाडीस पुढें नेते. थांबवितांना प्रत्येक मोटारीचीं चारही चाकें थांबतात, मग ती जीप असो कीं साधी मोटार असो. तेथें जीपचा अधिकार तिळभर जास्त नाहीं. किंबहुना जुन्या जीपचे ब्रेक ड्रमचे, त्यांत पाणी शिरलें कीं मंद होणारे, आणि चाक अडकूं न देणारी आधुनिक योजना तीत नाहीं. अशा गाडीस थांबविण्याचा जवळजवळ सारा भार टायरच्या ओल्या पकडीवर पडतो. ज्या गाडीस ओल्या पकडीची सर्वाधिक गरज तिच्याच चाकांवर परंपरेनें सर्वांत कमी ओल्या पकडीचा टायर बसला आहे, असा हा विचित्र प्रकार आहे.

दुसरी गोष्ट मापाची. जुन्या जीपमध्यें पुढल्या चाकांची ओढ लावली कीं पुढचा व मागचा आंस एकमेकांस घट्ट बांधले जातात. दोघांनीं एकाच गतीनें फिरलें पाहिजे. आतां मागें नवे टायर आहेत आणि पुढें झिजलेले, असें धरा. सुमारें ७३३ मिलिमीटर व्यासाचा टायर सहा मिलिमीटर झिजला तर व्यास बारांनीं कमी होतो आणि दर किलोमीटरास त्यास सुमारें सात फेरे अधिक घ्यावे लागतात. आंस तर बांधलेले. मग हे सात फेरे जातात कोठें? चिखलांत चाक थोडें घसरून हिशेब मिटवितें. कोरड्या किंवा नुसत्या ओल्या डांबरावर तें सहज घसरत नाहीं. ताण दांत्यांच्या पेटींत आणि सांध्यांत सांचत जातो, गाडी वळण्यास नाखूष होते, दांडा परत निघत नाहीं. यास्तव दोन अनुमानें निघतात. अशा गाडीचे टायर पांचही एकदम घ्यावेत, स्टेपनीसकट, आणि ठराविक काळानें पांचांची जागा फिरवावी. आणि डांबरावर, पाऊस कितीही असो, पुढली ओढ सोडून ठेवावी. ती खाचराच्या कडेसाठीं, मुरमाच्या चढासाठीं, पाणंदींतल्या चिखलासाठीं आहे.

मग कोणता टायर? दुकानांत तीन जाती मिळतात आणि त्यांचीं नांवें सर्वत्र आद्याक्षरांनींच घेतात. एच्. टी. म्हणजे सडकेचा, एम्. टी. म्हणजे चिखलाचा, आणि ए. टी. म्हणजे सर्व भूमींचा. चिखलाचा टायर दिसावयास देखणा, पण तो जीपच्या जुन्या सैनिकी नक्षीचाच वंशज आहे; ज्याची गाडी रोज खाचरांतून जाते त्यानें तो खुशाल घ्यावा. परंतु पिरंगुटच्या आसपास राहणाऱ्या किंवा पुण्याहून तेथें जाणाऱ्या कुटुंबानें वर्षाचा प्रामाणिक हिशेब मांडला, तर शंभरांपैकीं पंचाण्णव किलोमीटर डांबराचे निघतील आणि उरलेले पांच फाटकापासून घरापर्यंतचे. पांचांसाठीं पंचाण्णव धोक्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे. सडकेकडे झुकणारा सर्वभूमि टायर, ज्याचे ठोकळे जवळजवळ आहेत, ज्यांवर बारीक चिरा आहेत आणि ज्याच्या मधून पाणी वाहून नेणाऱ्या सलग खांचा गेल्या आहेत, तो अशा घरास योग्य. ज्याच्या दारापर्यंत डांबर किंवा काँक्रीट आहे, त्यानें तर निःसंकोचपणें सडकेचाच टायर घ्यावा. जीपचा रुबाब थोडा कमी होईल, एवढेंच.

रुंदीच्या मोहापासूनही सांभाळावें. मुळशीच्या चिखलाखालीं पुष्कळ ठिकाणीं मुरूम किंवा कातळ असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या कठीण तळास जाऊन भिडतो, रुंद टायर वरच तरंगतो. सांचलेल्या पाण्यावरही अरुंदाचीच सरशी. २३५/७५ आर १५ हें माप जुन्या सोळा इंची चाकाच्या जवळजवळ तंतोतंत उंचीचें असल्यामुळें पुष्कळ जण त्याकडे वळतात. पण त्यास निदान सहा इंच रुंद लोखंडी चाक लागतें, जीपच्या साडेचार इंची चाकावर तें बसवूं नये. निर्मात्यानें मान्य केलेल्या मापांबाहेर गेल्यास मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आणि विमा कंपनी या दोघांशीं वाद उद्भवूं शकतो, तो निराळाच. आणि आणखी एक सापळा : ट्रॅक्टरच्या पुढल्या चाकाचाही टायर ६.००-१६ याच मापाचा असतो, तो तालुक्याच्या बाजारांत सहज मिळतो आणि स्वस्तही असतो. तो शेतांतल्या मंद गतीसाठीं बनविलेला आहे. आंकडा जुळला म्हणून तो जीपवर चढविणें म्हणजे औषधाच्या बाटलीचा रंग पाहून औषध पिणें होय.

जुनी जीप फार धांवत नाहीं. वर्षाकांठीं दोनतीन हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. म्हणून तिचे टायर झिजून मरत नाहींत, म्हातारपणानें मरतात. ऊन आणि हवेंतला ओझोन रबरास कडक करतात, भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात, नक्षी मात्र नव्यासारखी उभी असते. नियमानें १.६ मिलिमीटर नक्षी उरली तरी टायर वैध ठरतो. घाटांतल्या पावसास ती फार तोकडी आहे, तीन-चार मिलिमीटरांवरच निरोप द्यावा. कडक झालेल्या टायरला तर हा मापदंडही फसवितो. टायर किती जुना हें त्याच्या भिंतीवर लिहिलेलें असतें. लांबट चौकटींतले शेवटचे चार आंकडे पाहावे : पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन सालाचे. २३२४ असें दिसलें तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत घडला. तीनच आंकडे असले तर तो मागच्या शतकांतला आहे आणि त्यास संग्रहालयांत ठेवावा. पांच वर्षांनंतर दरसाल जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर निवृत्ति, असा संकेत बरेच निर्माते सांगतात. दुकानदार पुष्कळदां दोन वर्षें पडून राहिलेला माल सवलतीनें पुढें करतो. वर्षाकाठीं दोनतीन हजार किलोमीटर धांवणाऱ्या गाडीस ती सवलत महाग पडते, कारण तिच्या टायरच्या आयुष्यांतून तेवढीं वर्षें आधींच वजा झालेलीं असतात.

भारतांत रेडियल टायरांची ओली पकड, आवाज आणि फिरण्यांतला अवरोध यांसाठीं किमान मर्यादा २०२२ सालीं शासनानें लागू केल्या. तिरक्या थरांच्या जुन्या नक्षीच्या टायरांस तें बंधन नाहीं. जीपच्या सोळा इंची चाकाकरितां टायर घेतांना म्हणूनच रेडियल कीं तिरक्या थरांचा हा प्रश्न प्रथम विचारावा आणि नक्षीचा नंतर. नवे टायर पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, तर वैशाखांतच चढवावेत. नव्या रबराच्या पृष्ठभागावर सांच्यांतून निघतांनाचा तुळतुळीत लेप असतो. तो कोरड्या रस्त्यावर दोनतीनशें किलोमीटर धांवून निघून जातो. मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हां उन्हाळाभर सांचलेली धूळ आणि तेल डांबरावर वर येतें, रस्ता वर्षांतला सर्वांत निसरडा होतो, आणि पिरंगुटचा घाट उतरणाऱ्या जीपचे टायर त्या दिवशीं तरी नवखे असूं नयेत.